अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आणि रविवारी तुमची पहिली हाफ आयर्नमॅन

प्रश्न विचारणारे पुण्याचे, वय ४४, बँकेत नोकरी. पोहायला शिकले अडतिसाव्या वर्षी, तेही तरणतलावात. नऊ दिवसांनी गोव्यात मिरामारला त्यांची पहिली आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन शर्यत आहे, म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. हवामान खातं अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र दाखवतंय. घरचे म्हणतात, नाव मागे घ्या. सायकल ग्रुपमधले म्हणतात, पाऊस आला तर बरंच, ऊन लागणार नाही. त्यांचे प्रश्न तीन: जावं का, टायरमध्ये हवा किती ठेवावी, आणि पावसात वेळ किती वाढेल.

नमस्कार. मी कोच नाही आणि डॉक्टरही नाही. रत्नागिरीत वाढलो, नोकरीमुळे कोल्हापुरात आलो. गेली अकरा वर्षं हौसेने ट्रायथलॉन करतोय. त्यातल्या चार शर्यती चिंब भिजून पूर्ण केल्या, एक अर्ध्यात सोडली आणि एक सुरूच केली नाही. पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं या शेवटच्या दोन शर्यतींनी शिकवलं.

तुमच्या तीन प्रश्नांत एक गोष्ट खटकली. टायरबद्दल विचारलंत, वेळेबद्दल विचारलंत, पाण्याबद्दल एक अक्षर नाही. आपल्याकडच्या बहुतेक हौशी मंडळींचं असंच होतं. पाऊस म्हटलं की डोळ्यांसमोर निसरडा रस्ता आणि ओले बूट येतात, कारण तेच आपल्या रोजच्या ओळखीचं. पण ट्रायथलॉनमध्ये पाण्यात जिवाचा प्रश्न असतो, सायकलवर हाडांचा, आणि पळताना फक्त पायाच्या कातड्याचा. भीतीही त्याच हिशेबात वाटून घ्या.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेल्या १३५ गंभीर घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. घटना म्हणजे मृत्यू, किंवा हृदय बंद पडून वाचलेले लोक. त्यातल्या ९० पोहताना घडल्या. सायकलवरच्या अपघातांत १५ आणि पळताना १५. सरासरी वय सत्तेचाळिसाच्या आसपास, आणि शंभरातले ८५ पुरुष. एकूण प्रमाण लाखात पावणेदोनच्या घरात आहे, त्यामुळे घाबरून अंथरूण धरायचं कारण नाही. यात हवामानाचा वेगळा हिशेबही नाही. पण चांगल्या हवेत जिथे धोका जास्त, तिथेच वाईट हवेत तो वाढतो, एवढं समजायला अभ्यासाची गरज नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या यॉल गावी बेटी वादळ येऊन गेल्यावरच्या रविवारी ७०.३ झाली आणि पोहण्याच्या टप्प्यात दोन स्पर्धक दगावले. शर्यत घ्यायला हवी होती का, यावर नंतर बराच वाद झाला.

आता पहिला प्रश्न. जावं का? गोव्याला जावं. पाण्यात उतरावं का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर आज मिळणार नाही. नऊ दिवस आधीचा अंदाज म्हणजे लग्नाआधी काढलेलं भविष्य. कमी दाबाचं क्षेत्र विरेल, ओमानकडे सरकेल, किंवा तसंच किनाऱ्याला घासत वर जाईल. शेवटच्या तीन-चार दिवसांतल्या अंदाजावर भरवसा ठेवा. तोही फक्त पावसाचा बघू नका. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या लाटांचा अंदाज देते. लाटेची उंची किती आणि दोन लाटांमध्ये सेकंद किती, हे दोन आकडे तिथे बघा. पावसापेक्षा तेच जास्त उपयोगाचे.

कारण आकाश आणि समुद्र एकाच वेळी बिघडतील असं काही नाही. लांबच्या वादळात उठलेली लाट शेकडो किलोमीटर प्रवास करून येते. ती किनाऱ्याला पोहोचते तेव्हा वर लख्ख ऊन असू शकतं. याच्या उलटही होतं. वारा पडलाय, पाऊस सरळ रेषेत कोसळतोय आणि पाणी तळ्यासारखं सपाट आहे. असल्या पावसात समुद्रात पोहणं हे सुख आहे, आयुष्यात एकदा तरी घ्यावं असं. तेव्हा रविवारी पहाटे हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघून घाबरू नका, आणि चांदणं बघून निर्धास्तही होऊ नका. वाळूत उभं राहून दहा मिनिटं लाटा मोजा.

मिरामारचा किनारा मांडवीच्या मुखाशी आहे, हे लक्षात असू द्या. ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी समुद्राकडे ओढतं, आणि वर पाऊस झाला असेल तर ते गढूळ होऊन जोराने येतं. सोबत झावळ्या, लाकडं, काय वाटेल ते येतं. पाण्यात हात घातला की कोपर दिसत नाही. तरणतलावाच्या तळाची काळी रेघ बघून पोहणाऱ्या माणसाला हाच पहिला धक्का बसतो, लाट त्यानंतर. शर्यतीच्या दिवशी भरती-ओहोटी किती वाजता आहे, ते आजच बघून ठेवा. भरतीचं कोष्टक वर्षभर आधी छापलेलं असतं, त्याला वादळाशी देणंघेणं नाही.

नऊ दिवसांत पोहण्याचा वेग वाढत नाही. वाढवता येते ती गढूळ पाण्याची सवय. जमलं तर बुधवारी रात्री निघा आणि गुरुवार-शुक्रवार दोन्ही सकाळी समुद्रात अर्धा-अर्धा तास काढा. एकट्याने नाही. जीवरक्षक हजर असताना, त्यांनी पोहण्यासाठी आखलेल्या पट्ट्यात, आणि लाल बावटा असेल तर अजिबात नाही. लहानपणी आमच्याकडे नारळी पौर्णिमेआधी समुद्रात पाय घालायला बंदी होती. ती अंधश्रद्धा वाटायची. मोठेपणी कळलं की मासेमारीची सरकारी बंदीसुद्धा १ जून ते ३१ जुलै असते. एकदा तारकर्लीला सरावाला गेलो होतो. रापण ओढणाऱ्या म्हाताऱ्याने माझी टोपी, गॉगल, सगळा थाट वरपासून खालपर्यंत बघितला आणि एवढंच म्हणाला, "आज दर्यात जाव नकात." मला तर पाणी बरं दिसत होतं. तरी ऐकलं आणि चहा पिऊन परत फिरलो. दुपारी वारा असा सुटला की होड्या वर ओढून घ्याव्या लागल्या.

पुण्यातल्या तलावातही या आठवड्यात दोन कामं होतील. एक, भिंतीला हात न लावता वीस मिनिटं पोहा. टोकाला पोहोचायच्या आधीच मधल्या मध्ये वळा. दुसरं, मित्रांना शेजारी घ्या आणि त्यांना मुद्दाम पाणी उडवायला, पाय ओढायला, अंगावर यायला सांगा. एकदा गॉगल कपाळावर सरकवून पोहून बघा. दोन्ही बाजूंना श्वास घेता येत नसेल, तर निदान नावडत्या बाजूने पन्नास मीटर जातील इतपत करा. लाट उजवीकडून येत असेल आणि तुम्हाला फक्त उजवीकडेच तोंड वळवता येत असेल, तर प्रत्येक श्वासाला घोटभर खारं पाणी ठरलेलं.

लाटेत उतरताना उभ्याने छाती पुढे काढून तिच्याशी भांडायचं नाही. कमरेएवढ्या पाण्यात आल्यावर फुटणारी लाट समोर दिसली की तिच्याखाली बुडी मारा, वाळूला हात लावा, लाट डोक्यावरून गेली की वर या. फेसाच्या पलीकडे गेल्यावर समुद्र पुष्कळ शांत वाटतो. परत येताना मात्र मागे बघत या. किनारा दिसला म्हणून उभे राहता आणि पाठीत लाट बसते. माझा गॉगल असाच गेला.

मधल्या टप्प्यात दर सहा-आठ हातांनी डोकं वर करून बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, बघा. लाटेच्या खोबणीत असताना बोया दिसणार नाही, माथ्यावर आलात की दिसेल. नाही दिसला तर शोधत बसू नका, पुढच्या माथ्याची वाट बघा. दुसऱ्याच्या पायांमागे पोहणं पाण्यात नियमाला धरून आहे, फक्त तो माणूस सरळ चाललाय ना हे अधूनमधून तपासा. मी एकदा एका धडधाकट पोराच्या मागे तीनशे मीटर निष्ठेने गेलो. कयाक या छोट्या होडीतून लक्ष ठेवणाऱ्याने शिट्टी मारली तेव्हा कळलं की आम्ही दोघंही भलतीकडेच चाललोय.

श्वास फुलला, छातीत धडधड झाली, 'मला बाहेर काढा' असं वाटलं, तर उताणे व्हा. पाठीवर तरंगा, हवं तर हात वर करा. कयाक किंवा बोयाला धरून थांबता येतं. पुढे सरकायला त्याचा आधार घेतला नाही, तर त्याने कोणी बाद होत नाही. हे पहिल्यांदा उतरणाऱ्यांना कोणी सांगतच नाही, आणि बिचारे बाद होण्याच्या भीतीने नाकातोंडात पाणी जाईपर्यंत हात मारत राहतात. दोन मिनिटं थांबून बहुतेकांची धडधड बसते.

बसली नाही तर? इथे मी जरा कडक होतो. थांबल्यावरही धाप कमी होत नाही, छातीत खरखर वाजते, खोकताना फेस येतो, कधी तो गुलाबीसर असतो. ही घाबरल्याची लक्षणं नाहीत. पोहण्याच्या श्रमाने काही जणांच्या फुप्फुसांत शरीरातलंच द्रव उतरतं. समुद्राचं पाणी गिळून असं होत नाही. थंड पाणी, वाढलेला रक्तदाब आणि शर्यतीआधी ढोसलेलं खूप पाणी यांचा यात हात असतो. असं वाटलं तर शर्यत तिथेच संपली. हात वर करा, होडीत बसा, डॉक्टरांना सांगा. मी जी शर्यत अर्ध्यात सोडली ती अशीच. पुढची दोन वर्षं मी ती 'क्रॅम्प आला' म्हणून सांगत होतो. तुमचं वय ४४ आहे, तेव्हा रक्तदाब कधी मोजलात तेही आठवा. गेल्या वर्षभरात हृदयाची तपासणी झाली नसेल, तर गोव्याला निघण्याआधी डॉक्टरांना भेटाच.

विजेबद्दल दुमत नाही. परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. आपल्या नशिबाने तो बहुधा दुपारनंतर येतो आणि शर्यत सकाळी असते. तरी वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्यातून बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं परत नाही. अमेरिकेत लेक प्लॅसिडला २०१४ मध्ये आयर्नमॅनचं पोहणं चालू असताना वादळ आलं आणि आयोजकांनी लोकांना पाण्यातून बाहेर काढलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' हे विजेची सूचना देणारं अॅप फोनमध्ये घालून ठेवा, पहाटे निघण्याआधी बघायला बरं पडतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, वेळेचा. तो दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण सायकल कशी चालवायची ते यावर ठरतं. कागद घ्या. ७०.३ मध्ये साधारणपणे पोहायला १ तास १० मिनिटं, सायकल संपवायला सुरुवातीपासून साडेपाच तास आणि एकूण साडेआठ तास मिळतात. तुमच्या शर्यतीच्या पुस्तिकेत हे आकडे एकदा पडताळा. तलावात तुम्ही शंभर मीटरला अडीच मिनिटं घेता असं लिहिलंय. म्हणजे १९०० मीटरला साडेसत्तेचाळीस मिनिटं. खवळलेल्या पाण्यात तीन मिनिटं धरा, आणि वाकडंतिकडं जाऊन १९०० चे २१०० मीटर होतील असंही धरा. झाली ६३ मिनिटं. हातात उरली फक्त सात.

आता पुढे बघा. बूट-हेल्मेट चढवायला आठ मिनिटं घेतलीत, तर सायकलवर बसताना १ तास ११ मिनिटं झालेली असतील. ९० किलोमीटरसाठी ४ तास १९ मिनिटं उरतात, म्हणजे ताशी २१ चा वेगही पुरतो. तुम्ही सरावाला २८ ने जाता. पावसात २६ धरा. ३ तास १३ मिनिटांच्या जागी ३ तास २८ मिनिटं लागतील, पंधरा मिनिटांचाच फरक. त्यानंतर पळायला पावणेचार तासांच्या आसपास उरतात. एवढ्या वेळात झपाझप चालतसुद्धा २१ किलोमीटर होतात.

म्हणजे घड्याळ तुमच्या मागे लागणार आहे ते पाण्यात, रस्त्यावर नाही. आणि आपण करतो काय? पाण्यात गेलेली दहा मिनिटं सायकलवर भरून काढायला जातो, तेही ओल्या उतारावर. तुमच्या मनात सहा तासांचा किंवा साडेसहाचा जो काही आकडा असेल, तो हवामान बिघडलंय हे नक्की झाल्यावर शनिवारी रात्रीच सोडून द्या. मी असा आकडा गळ्यात बांधून गणपतीपुळ्याच्या सागरी रस्त्यावर सरावाला गेलो होतो. वळणावर पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबला. मला वाटलं चाक फुटलं. चाक चांगलं होतं, गळपट्टीचं हाड मोडलं होतं. दोष ना रस्त्याचा, ना पावसाचा.

त्यामुळे टायरच्या हवेइतकंच रस्त्यावर काय टाळायचं हेही महत्त्वाचं. झेब्रा क्रॉसिंग आणि कडेचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलावरच्या पोलादी जोडपट्ट्या, रबरी गतिरोधक हे सगळं ओलं असताना साबणासारखं होतं. त्यावरून सरळ जा, पाय थांबवा, ब्रेक लावू नका आणि वळू नका. पाऊस सुरू झाल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. पुढे ते धुऊन जातं. कोकण-गोव्यात जांभ्याची लाल माती कडेच्या उतारावरून रस्त्यावर वाहून येते, आणि वाऱ्याने माडाच्या झावळ्या पडतात. साचलेल्या पाण्यातून सायकल नेऊ नका, खाली खड्डा आहे की नाही ते दिसत नाही.

ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असताना. वळणात बाहेरचा पाय खाली, सायकल कमी झुकवायची. तुमच्या सायकलला रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर पहिली एक-दोन चक्रं ते नुसतं पाणीच पुसतात, पकड नंतर येते. म्हणून उताराला अधूनमधून हलकेच दाबत राहा. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण टायरची पकड डिस्कने वाढत नाही. डिस्कवाले हेच विसरतात आणि जास्त पडतात, असं माझं निरीक्षण आहे. एरोबारवर, म्हणजे हँडलच्या पुढे आलेल्या दांड्यांवर, आडवं होणं फक्त सरळ, मोकळ्या आणि वारा नसलेल्या रस्त्यावर. बाजूचा वारा असेल तर पुढचं चाक खोल रिमचं नको. मित्राचं महागडं व्हील मागून आणलं असेल, तर परत करा.

हवेचं बोलायचं तर, तुम्ही कोरड्या रस्त्यावर २५ मिलिमीटरच्या टायरला ९० पीएसआय भरता, तर ओल्याला ८० ते ८२. २८ चा टायर बसत असेल तर बसवा आणि आणखी थोडी कमी ठेवा. त्याहून जास्त उतरवली तर खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होतं. टायर जुना असेल तर रबरात घुसलेल्या काचा सुईने काढा. पाण्यात काच जास्त सहज आत जाते. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर नियमानेच ठेवायचं आहे. पावसात तो नियम पंचासाठी पाळू नका, स्वतःसाठी पाळा, म्हणजे पुढचा पडला तर तुम्हाला वेळ मिळेल. चष्मा पारदर्शक काचांचा घ्या.

खाण्याबाबत एकच अडचण, पण ती खरी आहे. ओल्या हातांनी जेलचं, म्हणजे ताकदीसाठीच्या गोड पेस्टचं, पाकीट फाटत नाही. आदल्या रात्री कडेला छोटी कात्री लावा, किंवा सगळे जेल एका बाटलीत पिळून थोडं पाणी घाला. खजूर-चिक्कीवर भिस्त असेल, तर चिक्की भिजते हे लक्षात घ्या. पावसात तहान लागत नाही म्हणून लोक प्यायचं विसरतात. काही जण उलटं करतात, प्रत्येक थांब्यावर नुसतं पाणी पितात आणि रक्तातलं मीठ पातळ करून घेतात. गोव्याच्या दमट हवेत घाम चिकटून राहतो, सुटलेला कळत नाही. ठरल्या वेळी, क्षार घातलेलं, घोट-घोट.

सामान ठेवायच्या जागी सगळं भिजणार, हे गृहीत धरा. पळायचे बूट, कोरडे मोजे आणि एक पंचा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. टॉवेल नको, पंचाच. पातळ असतो, पिळला की पुन्हा कामाला येतो. बूट चढवण्याआधी पाय पुसून बोटांच्या फटीत, टाचेला आणि जांघेत व्हॅसलीन. वेळ नोंदवणाऱ्या टायमिंग चिपचा पट्टा लाटेत निघू शकतो, त्याला सेफ्टी पिन लावा. घड्याळाचा टचस्क्रीन पावसात आपोआप चालतो, तेव्हा तो बंद करून बटणांवर ठेवा.

पळण्याबद्दल लिहायला फारसं नाही. डबकी चुकवण्यासाठी उड्या मारू नका, घोटा मुरगळतो. ओल्या फरशीवर पावलं छोटी. पाऊस थांबून ऊन आलं तर मात्र सावध व्हा. ओल्या रस्त्याची वाफ उठते आणि सकाळभर थंड वाटलेलं अंग दोन किलोमीटरांत तापतं. राजभवनाच्या बाजूची चढण लागली तर ती चाला, त्यात कमीपणा नाही.

आता परत तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे. कोणत्या परिस्थितीत उतरायचं नाही, ते आज, पुण्यात, कोरड्या कपड्यांत कागदावर लिहा आणि कागद वहिनींकडे द्या. मी माझ्यासाठी लिहिलेलं सांगतो: सरावाच्या दोन्ही दिवशी फेसाच्या पलीकडे जाऊन शांत श्वास घेता आला नाही, तर नाही. विजेचा आवाज आला, तर नाही. ताप, जुलाब किंवा रात्रभर झोप नाही, तरी नाही. आयोजकांनी पोहणं रद्द करून पळणं-सायकल-पळणं केलं, तर हळहळ न करता ते करायचं. हे आधी लिहायचं, कारण पहाटे पाच वाजता किनाऱ्यावर संगीत वाजत असतं, दंडावर नंबर लिहिलेला असतो, आणि फी, हॉटेल, सहा महिन्यांचा घाम हे सगळं डोक्यात बोलत असतं. त्या वेळी निर्णय घेणारा माणूस तुम्ही नसता.

मी जी शर्यत सुरूच केली नाही, ती कोकणातली एक छोटी स्पर्धा होती. कागदावर तीन कारणं होती, त्यातली दोन जुळली. बायकोने कागद दाखवला आणि मी वाळूत बसून इतरांना टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी बहुतेक जण सुखरूप परतले, माझं काहीच बरोबर ठरलं नाही. तरी पुन्हा तसंच करीन. दुसरी आयर्नमॅन १९७९ साली हवाईत झाली, तेव्हा वादळी हवेमुळे ती शनिवारची रविवारवर ढकलावी लागली. पन्नासेक जण आले होते, रविवारी सुरुवातीला उभे राहिले पंधरा. बाकीचे पस्तीस कोण होते, हे आज कोणाला आठवत नाही. कोणी त्यांना नावंही ठेवत नाही.

सगळं सुरळीत झालं आणि तुम्ही पदक घेऊन हॉटेलवर आलात, तर झोपण्याआधी एक काम करा. सायकलवर समुद्राचं मीठ आणि लाल चिखल दोन्ही असतील. बादलीभर गोड्या पाण्याने धुवा, साखळी पुसून तेल घाला. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, काढून फ्रेम उलटी धरा. आत साचलेलं पाणी तिथून बाहेर येईल. ते राहिलं तर महिन्याभरात खालचं बेअरिंग करकरायला लागतं.